भुसा बाहेर काढा

सोमवार, १२ जुलै १९९३

आमचे मॅनेजर शंकरराव यांना परदेशी गिऱ्हाईकासाठी दाखला हवाय — आमची नवी पांढरी पावडर दुसऱ्या वस्तूची आग भडकवते की नाही. तेवढ्यावरच ठरणार, गोदामात ती कशाशेजारी ठेवायची. आणि गोदामात माझे वडील, आण्णा, कामाला आहेत. पावडरची गोणी फुटली की वर भुसा टाकून झाडून घ्यायचं, ही तिथली रीत. भुसा! घरी गॅसचा नंबर अजून लागलेला नाही, शेगडी भुशाचीच. तो कसा पेटतो ते मला नको सांगायला.

"मॅडम, पावडर स्वतः जळत नाही ना? मग 'नाही' लिहून टाका." — इति शंकरराव. स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला मदत करते. अशी माणसंही पाहिलीत मी.

बुधवार, १४ जुलै

फजिती. सेल्युलोजच्या भुकटीत पावडर मिसळून लांबट ढीग रचला. शेजारी तुलनेसाठी आग भडकवणाऱ्या बेरियम नायट्रेटचा तसाच. टोकाला पेटवले. बेरियमचा सरसर जळत गेला, आमचा धुमसून मध्येच विझला. शंकरराव दारातून, "बघा, गरीब गाय आहे."

संध्याकाळी बाटली उघडली तर आत गोळे. दमट! अंबरनाथच्या पावसात मिठाला पाणी सुटतं, आणि मी न वाळवताच चाचणी घेतली. गाढव मी.

शुक्रवार, १६ जुलै

जिंकले!! पावडर ओव्हनमध्ये वाळवली, पुन्हा ढीग रचले. आमचा या टोकापासून त्या टोकापर्यंत जळून गेला, तोवर बेरियमचा निम्म्यावरच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शंकररावांनी चष्मा पुसला. "तुमचंच खरं. आता गोदामाचं काय करायचं ते सांगा."

मला विचारलं! रुबाबात गोदामात गेले. "लाकडी फळ्या हलवा. भुसा आजच्या आज बाहेर काढा, कण राहता कामा नये." आण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "जी मॅडम," आणि मिशीत हसले. उल्हासनगरला जाऊन पेढे घेतले. फार फार आनंद झालाय. आता आण्णांची काळजी नाही.

रविवार, १८ जुलै

सकाळी उठले तर आई मोरीजवळच्या गोणीतून भुसा काढून शेगडीत ठासत होती. मोठी गोणी, अर्धी संपलेली. "काल काय छान पेटला गं. आण्णा बोलले, कंपनी फेकतच होती, चांगला भुसा कशाला वाया घालवायचा." हातात काडीपेटी.

शेगडीवर पाण्याचा हंडा उपडा केला. मग गोणीवर. आई म्हणाली, येड लागलंय पोरीला.

बाहेर काढा, म्हणाले होते मी. कुठे टाका, ते सांगितलंच नाही.