टोपली पक्षाचे शाखाप्रमुख

सुराबाया, ३ मार्च २०२४

ती. काकांस, निंग्रुमचा शि. सा. न. वि. वि.

मी सरकारी शिक्षिका झाले, आणि झालेही नाही. आठ वर्षं हंगामी शिकवल्यावर परीक्षा पास झाले, तुम्ही लहानपणी केलेल्या पाठांतराच्या छळाचं चीज झालं. पण नेमणूक अडली. कारकुनाने माझा ओळख क्रमांक संगणकात घातला आणि सांगितलं की बाई, तुम्ही टोपली पक्षाच्या सभासद आहात, सरकारी शिक्षकाला पक्ष चालत नाही. मी म्हटलं, टोपली मी फक्त बाजारात धरते. तो हसला नाही. महिनाअखेर नाव काढून आणलं नाही तर माझी जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. माझं ओळखपत्र अजून गावच्या पत्त्याचं, म्हणून विचारते: गावात कुणी काही भरून तर दिलं नाही ना?

काकूंना नमस्कार. आहे तो लोभ वाढवावा, मात्र माझ्या नावाने दुसऱ्या कुणावर नको.

आपली,
निंग्रुम

वोनोगिरी, ९ मार्च

चि. निंग्रुमला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. ज्या पुर्वोहादीने चाळीस वर्षं सगळ्या पक्षांना एकाच मापाने झोडपलं, त्याच्या पुतणीवर टोपली? पोरी, घर चोरीला गेलं तर माणूस झाडाखाली राहतो. नाव चोरीला गेलं तर राहायचं कुठे? आणि चोर कोण, हे मला पुसू नकोस. तो तुझ्या पिशवीतला मोबाइल. जो दिसेल त्याला तुम्ही अंगठा देता, चेहरा देता, आणि मग रडता. मी ते यंत्र उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हणून माझं नाव आज धुतल्या तांदळासारखं आहे. उद्या निवडणूक कचेरीत जाऊन त्यांना चार शब्द ऐकवतो.

लोभ सांभाळून ठेव, कुलूप लावून ठेव.

तुझा काका

ता. क. कचेरीत जाऊन आलो. मीही यादीत आहे. सभासद म्हणून नाही, शाखाप्रमुख म्हणून. आणि तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, जाऊन चार वर्षं झाली, तोही आहे. प्रवेश गेल्या ऑगस्टचा.

सुराबाया, १५ मार्च

ती. शाखाप्रमुखांस शि. सा. न.

रागावू नका, बाबांचं वाचून रडू आलं होतं, म्हणून थट्टा केली. काल पक्षाच्या कचेरीत ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे त्यांनी माझ्या नावाचा कागद दाखवला. माझ्याच ओळखपत्राची झेरॉक्स, खाली माझीच सही. पण काका, माझ्या उजव्या गालावर तेलाचा गोल डाग आहे आणि कागदाला लसणीचा वास येतो. कोपऱ्यात तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘खाणीला विरोध.’

म्हणजे पाच वर्षांपूर्वी डोंगरावरच्या खाणीविरुद्ध तुम्ही घरोघर फिरून सह्यांसकट झेरॉक्स गोळा केल्या होत्या, त्यातलीच ही. तेव्हा बाबाही होते. म्हणजे मोबाइल निर्दोष सुटला. ते गठ्ठे तुमच्या कपाटात होते ना? कपाट कुणी उघडलं?

आपली,
निंग्रुम

वोनोगिरी, २० मार्च

चि. निंग्रुमला काकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून तुझे काका अंगणात कोंबड्यांना भाषण देताहेत, म्हणून मी लिहिते. कपाट त्यांनीच उघडलं. खाण रद्द झाली तेव्हा म्हणाले, लढा संपला, आता हा कागद जनतेच्या उपयोगी पडो. आणि गठ्ठे उचलून कारियेमला देऊन आले. तिच्या गाडीवर सोयाबीनच्या तेंपेची भजी आणि तळलेली केळी मिळतात, तिला पुडीला कागद हवाच असतो. मी म्हटलं होतं, अहो, त्यावर माणसांचे चेहरे आहेत. तर म्हणाले, मग भजी ओळखीच्या माणसाकडून मिळतील.

कारियेमला विचारलं. ती म्हणाली, प्रास्तोवो म्हणून टोपलीचा एक पोरगा वर्षभर रोज संध्याकाळी यायचा आणि प्रत्येक भजं वेगळ्या पुडीत मागायचा. तिला वाटलं, मोठ्या घरचं वळण. एक वर्ष खाऊन तो फुगला आणि अख्खं गाव पक्षात गेलं. त्या पक्षाशी भांडणारे सरपंचसुद्धा.

तू घाबरू नकोस. यांना पोलिसांकडे मी नेते.

तुझी काकू

वोनोगिरी, २६ मार्च

चि. निंग्रुमला आशीर्वाद.

काकूने जे कळवलं ते तपशिलात बरोबर आहे, दृष्टिकोनात नाही. असो.

तक्रार झाली. दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला कायद्याने पाच वर्षांपर्यंत तुरुंग आहे, हे फौजदाराने वाचून दाखवलं, तेव्हा प्रास्तोवो घामाने भिजला. खटला चालेल, मी साक्षीला उभा राहीन. पक्षाने गावातली सगळी नावं काढल्याचं शिक्क्याचं पत्र सोबत आहे. तुझ्या बापाचंही. मेल्या माणसाला मत नसतं, पण अब्रू असते.

एक मात्र झालं. तक्रारीसाठी फौजदाराने माझ्या ओळखपत्राच्या तीन झेरॉक्स मागितल्या. मी प्रत्येकीवर आडवं, ठळक लिहिलं: ‘फक्त या तक्रारीसाठी, २४ मार्च, दुसरीकडे वापरल्यास चोर समजावे.’ तो म्हणाला, आजोबा, चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, तेवढ्यासाठीच. शेवटी नाक दिसेल इतपत तडजोड झाली. तूही असंच लिहीत जा, आणि काम संपलं की कागद चुलीत घालत जा. जनतेला देऊ नकोस.

तुझा काका

सुराबाया, ४ एप्रिल

ती. काका-काकूंस शि. सा. न.

पत्र अठ्ठाविसाला पोचलं, कारकुनाने दोनदा वाचलं, आणि परवा मी शपथ घेतली. बाबांचं नाव काढल्याचा कागद पर्समध्ये होता.

आज आनंदाने शाळेबाहेरच्या गाडीवर केळ्याची भजी घेतली. पुडी उलगडली तर आतून एक अनोळखी बाई माझ्याकडे बघत होती. नाव, क्रमांक, सही, सगळं शाबूत. गाडीवाल्याकडचा उरलेला गठ्ठा मी लगेच शाळेतल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या बदल्यात उचलून आणला. एकोणीस जण आहेत. पत्ते तेलातूनही वाचता येतात.

त्यातल्या चौघांना सावध करणारी पत्रं लिहून झाली, तुम्हाला हे आजचं पाचवं. अजून पंधरा लिहायची आहेत, म्हणून इथेच थांबते. भजी गार झाली.

आपली, आणि फक्त आपलीच,
निंग्रुम