बोरनाल्याची तिसरी कमान

श्री राजराजेश्वर प्रसन्न.

आज सकाळी स्नान करून मी बोरनाल्यावर गेलो आणि अकोला-दर्यापूर वाटेवरच्या पुलाच्या तिसऱ्या कमानीखालचे लाकडी आधार स्वतः काढले. कमान जागची हलली नाही. घरी येऊन हा कागद लिहायला बसलो.

मी, शेषराव वल्द जानराव, वय अदमासे एकोणपन्नास, धंदा मिस्त्रीकाम, शिक्षण पातुरास पंतोजींकडे, राहणार अकोला, मोर्णेकाठ. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कोणी भीड घातलेली नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे करावे.

राहते घर पत्नी रुख्मिणीचे. कामाच्या दिवसांत महिनोन्‌महिने मी नाल्यांवर राहिलो आणि हे घर तिनेच उभे ठेवले. ती आहे तोवर तिला येथून कोणी उठ म्हणू नये.

पातूरचे शेत धाकटा भाऊ खुशालराव याचे. "दगडावर दगड ठेवाले का शायनपन लागते?" असे तो मला चारचौघांत म्हणाला होता. तो राग मी येथे सोडतो. मात्र माझी हत्यारे त्याच्या हाती देऊ नयेत. तो ती बाजारात नेईल.

ओळंबा, गुण्या आणि पातळी पाहायची पाणसळ ही हत्यारे मुलगी वच्छला हिचा नवरा भगवंत याला द्यावीत. तोही हेच काम करतो. अट एकच: नाल्यावर पाणसळ लावण्याआधी त्याने काठावर राहणाऱ्यांना विचारावे. ही अट का, ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी हा पूल बांधायचा होता. कापसाला असा भाव होता की गाड्या घराएवढ्या भरून जात आणि वाटेवरच्या प्रत्येक बाभळीला कापूस लागलेला असे. नाल्याकाठच्या बाभळीत दीड पुरुष उंचीवर कडबा अडकलेला दिसला, त्यालाही कापसाचे पुंजके होते. तो गाड्यांचाच समजून मी पुराची खूण खाली धरली आणि दोन कमानी पुरेत असे सडकेच्या कामावरच्या साहेबांना सांगितले.

काठावर भाजीचा मळा करणारी पार्बताबाई माळीण तेव्हा म्हणाली, "मिस्त्री, गाडीतल्या कडब्याले चिखल लागते काय? हे पुराचं हाय."

मी हसलो. "बाई, तुम्ही वांगी सांभाळा, नाला माझ्याकडे."

गेल्या श्रावणात पाणी दोन कमानींत मावले नाही. रस्त्याच्या भरावाला तटून ते मागे फिरले आणि तिचा मळा, झोपडी, विहिरीचा काठ घेऊन गेले. पूल जसाच्या तसा उभा. लोक माझी पाठ थोपटत होते आणि ती चिखलात उभी राहून म्हणाली, "मिस्त्री, वांगे त गेले. आता नाला तरी सांभाळा."

खुशालराव म्हणाला, "काहून सांगतं साहेबाले? पूल त उभा हाय ना! पुरावर घाल." दोन महिने मी तेच केले. देवापुढे बसलो की बाभळीतला तो चिखल दिसे. शेवटी दिवाळीनंतर, चूक माझी, असे लेखी देऊन आलो. पुढच्या पुलांची कामे दुसऱ्याला गेली, ते योग्यच झाले. या पुलाला तिसरी कमान मात्र मीच जोडली; साहेबांनी दगड-चुना दिला, मजुरी मी घेतली नाही.

या धंद्याने मला फार दिले. बैल पुलावर येतात तेव्हा पाऊल आवरत नाहीत. खाली नाला आहे हे त्यांना कळतही नाही. गाडीत निजलेली बाळंतीण जागी होत नाही. आपण केलेले काम लोक विसरून जातात, याहून मोठे सुख मला ठाऊक नाही. चूक दुरुस्त करायला हात शाबूत असतानाच वेळ मिळाला, हे देवाचे देणे.

पुलात माझ्या नावाचा दगड होता. तो काढून मी पालथा बसवला आहे आणि त्याच्या कोऱ्या अंगावर, पार्बताबाईने हाताने दाखवली त्या उंचीला, पाण्याची रेघ कोरली आहे. तो कोणी पुन्हा उलटा करू नये.

आज आधार निघाल्यावर पार्बताबाई कमानीखालून चालत पलीकडे गेली, परत आली आणि म्हणाली, "मंग, वांगे लावू काय?"

मी म्हणालो, "लावा."

हस्ताक्षर माझे: शेषराव वल्द जानराव
साक्षी: सूर्यभान गाडीवान, दर्यापूर; किसनराव पाथरवट, अकोला
मुक्काम अकोला, फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १७८७