माझं नाक आणि वेदश्रीची हिरवी पट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.
गुड... गुड... गुडगुड. पहाटे तोच आवाज कानात. नववीत आमच्या वर्गाशेजारीच प्रयोगशाळा होती. काचेच्या भांड्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस तयार व्हायचा, त्याचा हा आवाज. इकडे कवितेचा तास, तिकडे गुडगुड. आवाज सगळ्यांना यायचा, वास सर्वांत आधी मला. सर म्हणायचे, याचं नाक कवीचं आहे.
आणि माझा मुलगा श्रीहर्ष म्हणतो, गेल्या पावसाळ्यातल्या तापानंतर अप्पांना वासच येत नाही! दूध दोनदा करपलं म्हणून. तेव्हा मी कविता म्हणत होतो. आता त्याला माझ्या मळमड्डीच्या घराला कुलूप घालून मला नवनगरला त्याच्या फ्लॅटवर न्यायचंय. तिसरा मजला. शी.
शेवटी ठरलं. त्याची मुलगी, माझी नात वेदश्री, गॅस ओळखण्याच्या उपकरणावर पीएच.डी. करते, ती माझं नाक तपासेल. रविवारी, सोळाला, निकाल. पास झालो तर नवनगरचं नाव कुणी काढायचं नाही.

५ फेब्रु.
वेदश्रीचं उपकरण पाहिलं. काडेपेटीएवढं. वर हिरवी पट्टी, पॉलिअनिलीनची. म्हणजे प्लास्टिकच, पण वीज वाहून नेणारं. त्यात चांदीचे कण. अमोनिया लागला की वीज अडते, आकडा चढतो, पट्टी निळी होते. चांदी कुठाय, विचारलं. ती म्हणे दिसत नाही, नॅनो आहे. सराफाने असं सांगितलं असतं तर पोलिसांत दिला असता.

६ फेब्रु. दुपारी.
पाच बाटल्या हुंगल्या. एक नंबर पारिजातक. दोन नंबर जुनी पाटी, स्पंजसकट. तीन नंबर चंदन. वेदश्री मुकाट्याने लिहीत होती. थक्क झाली असणार.
नंतर म्हणाली, दोन नंबर रिकामी होती. तीनमध्ये अमोनिया.
रिकाम्या बाटलीतही ज्याला पाटी सापडते, त्याला काय म्हणावं? सामना बरोबरीत, असं मी जाहीर केलं.

९ फेब्रु.
मागच्या भिंतीपलीकडे अप्पाजी गवळ्याचा गोठा. किळस! सकाळ-संध्याकाळ नाकाला रुमाल लावल्याशिवाय मी जीवामृत ढवळायला जात नाही. (माझ्या निशिगंधाचं खत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. पडवीतल्या पिंपात, झाकणाखाली मुरतंय.) वेदश्रीला म्हटलं, लाव तुझं यंत्र भिंतीवर, होऊ दे निळं.
तासभर हिरवंच. विज्ञानाचा वीट आला.
महानगरपालिकेला दुर्गंधीबद्दल पाचवा अर्ज टाकला. भाषा उत्तम साधली आहे. 'नासिकेचा छळ' हा शब्दप्रयोग माझा.

१२ फेब्रु.
अप्पाजी कोपऱ्यावर भेटला. मी रुमाल काढला. तो म्हणाला, "मास्तर, म्हशी दिवाळीतच कलघटगीला धाडल्या की. गोठ्यात आता पोरांच्या सायकली असतात."
म्हणजे म्हशी जाऊन तीन महिने झाले तरी वास जात नाही. केवढी ही घाण! अर्जाला पुरवणी जोडली.

१५ फेब्रु.
लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.
वेदश्री यंत्र काढायला आली. हातात घेऊन मागच्या पडवीतून निघाली आणि मी नुकत्याच ढवळलेल्या, उघड्या पिंपाजवळ पट्टी बघता बघता निळी. आकडा भराभर चढला. तिने ओढणी नाकाला लावली, डोळ्यांतून पाणी. विचारलं, हे कधी केलंत? म्हटलं, गणपतीत. ती म्हणे, अज्जा, जीवामृत आठवड्यात संपवायचं असतं. हे लोणच्याला सांग, मी म्हटलं, आणि पिंपावर वाकून दीर्घ श्वास घेतला. निशिगंधावरची एक कविताही म्हटली, सहावीतली, सहाही कडवी.
तिने पिंपावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाली, "अज्जा, खरंच काही वास येत नाही?"
"येतो की. ओल्या मातीचा."
तिने वही मिटली. त्यात काही लिहिलं नाही. पप्पांना तुम्हीच सांगा, एवढंच म्हणाली. पोर गुणाची. शास्त्रज्ञ व्हायला जरा हळवी.
संकल्प: पिंप उद्या रिकामं करणे. निकालानंतर.

१६ फेब्रु., रविवार. १०.१५.
श्रीहर्ष अकराला येणार. भाषण तयार. सुरुवात काव्यमय, शेवट ठाम. पडवीचं दार लावून उदबत्त्या लावल्या, अकरा. वास छान आला असावा.

१०.४०.
बेल. श्रीहर्ष नव्हे. महानगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक, हातात फाईल! पाच अर्जांनंतर का होईना. म्हटलं, या, या, गोठा मागे आहे. त्यांनी माझा एकही अर्ज पाहिलेला नाही. फाईलमधला अर्ज गल्लीचा. चौदा सह्या, पहिली अप्पाजीची. पत्ता माझ्या घराचा.
आत बसा म्हटलं. रुमालातूनच म्हणाले, "इथंच बरं आहे." मग नोटिशीवर नाव घालायला पेन काढून विचारलं, इथं कायमचं कोण राहतं?
चष्मा आणतो सांगून आत आलोय. ते दारात उभे आहेत. त्यांच्यामागे श्रीहर्षची गाडी थांबलीय.