पदराआडचं हसू

प्रिय सारिकाताई,

आईचं मोकळं हसणं कसं असेल? पंचवीस वर्षं तिच्याच घरात काढूनही मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मी तिला पदराआडच हसताना पाहिलं आहे. तूही तसंच पाहिलंस, आणि आता घराघरांत सगळ्यांनी पाहिलं.

आधी तुझं अभिनंदन. उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तुला मिळाला तेव्हा आमच्या वाडीत नागसेनमामांच्या घरी टीव्हीसमोर बसायला जागा नव्हती. त्या महिन्यात मी पुरस्कारांच्या बातम्यांशिवाय दुसरं काही वाचत नव्हते. कुणाला नामांकन, कोण कुणाशेजारी बसलं, तुझ्या निळ्या गाऊनचा घोळ पायरीवर कसा अडकला, सगळं मला पाठ होतं. परीक्षकांनी तुझ्या भूमिकेतल्या एका लकबीचं खास कौतुक केलं. हसू आलं की पदर ओठांवर ओढायचा आणि मान भिंतीकडे वळवायची. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तीही लाजून तशीच हसली. त्या क्षणी मला वाटलं, माझ्या शिक्षणाचं चीज झालं. घरातली पहिली पदवीधर, महाडच्या कॉलेजात मराठी घेऊन बीए झालेली, आणि तुझ्या चित्रपटाच्या शेवटी 'भाषा मार्गदर्शन' म्हणून माझं नाव.

चित्रीकरणासाठी आमच्याकडे तू राहिलीस ते अठरा दिवस आई अजून मोजते. बाकीचं युनिट महाडच्या लॉजवर, आणि तू मात्र आमच्या पडवीत, तिच्या शेजारी गोधडी टाकून. भाताची झोडणी चालू होती. पेंढी कशी धरायची, फळीवर कशी आपटायची, हे तिने तुला हात धरून शिकवलं. तुझ्या तळहाताला फोड आले तेव्हा तिने खोबरेल तेल लावलं आणि तुला 'सारके' म्हणायला लागली. असं ती फक्त घरच्या मुलींना म्हणते.

सुट्टीच्या दिवशी आपण दोघी महाडजवळच्या सव गावी गेलो होतो, आठवतं? गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो. आई सारखी तोंड का झाकते, असं तू मला विचारलंस. भूमिकेसाठी कळायला हवं म्हणालीस. मी कॉलेजात असताना तिला दातांच्या डॉक्टरकडे नेऊ बघत होते तेव्हा तिने ते मला एकदाच सांगितलं होतं, आणि कुणाजवळ बोलू नकोस असं बजावलंही होतं. अकरा वर्षांची असताना ती दुसऱ्याच्या खळ्यावर झोडणीला जायची. बरोबरच्या पोरी काहीतरी बोलल्या आणि ती खदखदून हसली. मालकाने विळ्याची मूठ तोंडावर मारली. आमच्या लोकांनी त्याच्यासमोर एवढ्या मोठ्याने हसावं, हे त्याला खपलं नाही. पुढचे दोन दात गेले. तुला हे सांगताना मला अपराधी वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. वाटलं, आईवरचा अन्याय आता लोकांपुढे येईल. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं होतं असं मी आजही मानते.

मग पुरस्कारानंतरचा तो गप्पांचा कार्यक्रम आला. सूत्रसंचालकाने आग्रह केला, ती गावची मावशी करून दाखव. तू ओढणी तोंडावर घेतलीस, डोळे फिरवलेस, मान भिंतीकडे केलीस आणि आईच्या आवाजात 'मंग काय गो' म्हणालीस. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच बातमी, सारिकाची धमाल नक्कल. पोरीपोरींनी तसे व्हिडिओ केले. पोलादपूरच्या बाजारात एक बाई पाट्यांपलीकडून ओरडली, "जानके, तू तर हिरोईन झालीस गो! तोंड दाखव की जरा." तिच्या मनात वाईट नव्हतं. आईने वाटाण्याच्या शेंगा घेतल्या, दर न विचारता, नुसत्या बोट दाखवून.

तेव्हापासून आई तोंडावर पदर घेत नाही. गरजच पडत नाही. बाहेर ती तोंड उघडत नाही, आणि हसत तर नाहीच.

आणि तरी, वाहिनीच्या हर्षदचा फोन आला तेव्हा मी हो म्हणाले. जानकीबाईंना त्याच कार्यक्रमाच्या मंचावर आणू, सारिका आणि त्या समोरासमोर तीच लकब करतील, लोक वेडे होतील, असं तो म्हणाला. मी येताना माझं सामानही आणावं, तुझ्या पुढच्या चित्रपटाचं काम मला लगेच सुरू करता येईल, असंही म्हणाला. मी आईला न विचारता हो म्हणाले, ताई. सवला तुला सांगतानाही तिला विचारलं नव्हतं, तसंच.

शुक्रवारी आईला सांगायला बसले आणि आधी तुझ्यावरच बोलले. इतकं ठाऊक असून ती असं कसं करू शकली, वगैरे. आई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, सारकीला कसं ठाऊक? मग मला सवचं सगळं सांगावं लागलं. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "ती परकी बाई. तिला कशाला बोल लावतेस? सांगनारं तोंड आपल्याच घरातलं व्हतं." त्यानंतर ती माझ्याशीही बोललेली नाही.

हर्षदने तुला आई आजारी आहे असं सांगितल्याचं तुझ्या मेसेजवरून कळलं. बरी झाली की पुढच्या भागात आणू, असं तू लिहिलंस. म्हणून हे पत्र. आई आजारी नाही. शनिवारी सकाळी पोलादपूरच्या स्टँडवर हर्षद गाडी घेऊन आला तेव्हा मी एकटीच तिथे उभी होते. आई येणार नाही, आज नाही आणि कधीच नाही, असं मी त्याला सांगितलं. तुझ्या चित्रपटाचं काम करणार नाही, हेही सांगितलं. आईने मला यातलं काही करायला सांगितलं नव्हतं, आणि माफ केलं असंही ती म्हणालेली नाही. गाडी आम्हा दोघींच्या जागा रिकाम्या ठेवून मुंबईला परत गेली.

तू जिला धाकटी म्हणायचीस ती,
शर्मिला