अक्षरं गेली होती, डोळे नव्हे

धाकट्या,

तू ऑफिसात बसून इंटरनेटवरून माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतोस आणि गेलास की काळ्या पडद्यावर अक्षरंही काळीच होतात. विचारलं तर म्हणालास, "आई, तुझे डोळेच गेले आता." म्हणून कित्येक दिवस मी डोळे मिटून फडताळातले डबे चाचपत होते, पुढची सवय व्हावी म्हणून. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत. घरी येऊन पडद्याची थीम एकदा पांढरी केली, परत काळी केली, तर सगळी अक्षरं पाखरांसारखी जागेवर येऊन बसली. एवढंही तुला करून बघता आलं नाही? यापुढे काम संपलं की नुसतं मध्येच तोडून न जाता साइन आउट करत जा, म्हणजे अक्षरं जाणार नाहीत.

तुझ्या मावशीकडे चालले आहे. चुकलो म्हणायचं असेल तर स्वतः ये. तिकडे ऑफिसातून डोकावून चालणार नाही.

आई