इंजिनाच्या बॅटरीस सक्तीच्या उपासातून सूट मिळण्याबाबत

प्रति,
मा. काप्तान फाउस्तिनो पाल्मारेस,
गावप्रमुख, पुंता लुमोत,
ग्रामकार्यालय, बर्फाच्या कारखान्यामागे.

अर्जदार : सोलेदाद मागबानुआ, रा. धक्क्याजवळ, मारियामाउलीच्या चॅपलची देखरेख करणारी.

विषय : यजमानांच्या होडीतील इंजिनाची बॅटरी इतरांच्या बॅटऱ्यांशी न जोडता वेगळी भरू देण्याबाबत.

संदर्भ : आपला ‘सर्वांस समान वीज’ हा आदेश, विशेषतः त्यातील शेवटचे कलम.

महोदय,

उपरोक्त विषयी मी खाली सही करणारी, आपणास त्रास देण्याची इच्छा नसताना, सविनय लिहिते की :

१. माझे यजमान हर्मोहेनेस (गावात मानोंग, म्हणजे दादा, मोहेन; तशी मी मानांग, म्हणजे ताई) उलांडीच्या होडीने काळोख्या रात्री दिव्यांच्या उजेडावर माकूळ धरतात. होडीत तीन बॅटऱ्या आहेत. दोन दिव्यांच्या, त्या एकमेकींना जोडलेल्या. तिसरी इंजिन सुरू करण्याची. तिची वायर वेगळी, फ्यूज वेगळा. दिव्यांनी तिच्यातले काही घ्यायचे नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. दिवे विझले तर माकूळ जाते. इंजिन सुरू झाले नाही तर माणूस जातो.

२. पूर्वी जो तो आपली बॅटरी आपल्या सोयीने भरी. आपल्या आदेशानंतर सौरशेडमध्ये गावच्या सगळ्या बॅटऱ्या एका रांगेत मांडून, लाल टोकास लाल व काळ्यास काळे जोडून, एकत्रच भरल्या जातात. हेतू थोर आहे. परंतु त्या रांगेत आपले मेहुणे श्री. कार्मेलो यांचीही बॅटरी असते. ती म्हातारी असून तिचे पोट फुगलेले आहे. ऊन असेपर्यंत ती पॅनेलचे पिते, ढग आला की शेजारणींचे पिते, आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी ती रिकामीच. मला विजेतले कळत नाही, उपासातले कळते. शुक्रवारी मी जेवत नाही ते माझ्या मर्जीने. आमच्या बॅटरीस मात्र रोज दुसरीसाठी उपास घडतो आणि त्याचे पुण्य कोणास लागते हे फादरनाही सांगता आले नाही.

याबाबत श्री. कार्मेलो यांना हळू आवाजात विचारले असता ते म्हणाले, “मानांग, दानधर्म तुम्हीच शिकवता ना पोरांना? मग माझ्या म्हातारीनं चार घोट घेतले तर पोटात का दुखतंय?” दानास माझी ना नाही. पण देणाऱ्यास आपण देतो आहोत एवढे तरी ठाऊक असावे. आमच्या इंजिनास ते ठाऊक नव्हते.

३. ते त्यास गेल्या अमावास्येस कळले. परतण्याच्या वेळी इंजिन ‘टक्’ म्हणाले आणि गप्प बसले. होडी प्रवाहासोबत गेली. सकाळी डुकरांची पिल्ले बाजारास नेणाऱ्या बोटीने तिला ओढून आणले. यजमानांना त्या बोटीत जागा मिळाली ती पिल्लांमध्येच. धक्क्यावर सर्वांनी विचारले, “काय मानोंग, यंदाच्या माकळाला चारच पाय?” मी हसले नाही. तोवर मी चॅपलच्या फरशीवर गुडघ्यांवर होते, आणि माउलीस बोलून गेले होते की हा माणूस परत आण, त्याच्या इंजिनाची बॅटरी रोज दिवसभर तुझ्या पायांशी ठेवीन.

४. माणूस आला. नवस फेडणे भाग होते. बॅटरी माउलीच्या पायांशी ठेवली. तेथे परदेशी नोकरीस असलेल्या भाचीने दिलेले लहान पॅनेल आहे, त्याची वायर जवळच लोंबत होती, ती जोडली. आपल्या आदेशाच्या शेवटच्या कलमात ‘माउलीच्या सेवेतील बॅटऱ्यांस हा नियम लागू नाही’ असे म्हटले आहे. नवस आधी बोलले व कलम नंतर वाचले, हे मी शपथेवर सांगते. मध्ये फारसा वेळ गेला नाही, पण क्रम हाच होता.

५. यानंतर जे झाले त्यास मी जबाबदार नाही. दुसऱ्याच सकाळी शेजारचे रोमुआल्दो बॅटरी खांद्यावर घेऊन दारात. “मानांग, माझाही नवस आहे.” कसला, असे विचारता, “ते संध्याकाळपर्यंत ठरवतो.” मग त्यांचे भाऊ आले, मग जाळीवाले आले. प्रार्थना म्हटल्याखेरीज बॅटरी घ्यायची नाही आणि परतही द्यायची नाही, असा नियम मी केला. वाटले, कंटाळून जातील. गेले नाहीत. लग्नानंतर चॅपलची पायरी न चढलेले पुरुष आता सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकतात. फादर फिदेल यांचे डोळे भरून आले. त्यांनी हा चमत्कार बिशपसाहेबांना कळवला असून बिशपसाहेब येत्या रविवारी तो पाहण्यास येत आहेत.

६. महोदय, मला खोटे बोलता येत नाही. गावात भक्ती कशाने वाढली, असे बिशपसाहेबांनी विचारलेच तर मला आपल्या आदेशाचे नाव घ्यावे लागेल.

७. शिवाय पॅनेल लहान आणि भक्त फार. परवा संध्याकाळी माउलीचा दिवा लागला नाही. इतक्या वर्षांत हे प्रथमच. मी अंधारात रोझरी म्हटली. मागून कोणीतरी “मानांग, माझी लाल वायर सुटली का बघा जरा” म्हणाले. आणि यजमानांची बॅटरी पुन्हा अर्धपोटीच समुद्रावर जाते. ते परत येईपर्यंत मी पुन्हा त्याच फरशीवर असते. माझे गुडघे नवसाचे आहेत, पण नवे नाहीत.

तरी विनंती की, प्रत्येक होडीच्या इंजिनाची बॅटरी सौरशेडमध्ये एकटी, तिच्या पाळीने भरू द्यावी. दिव्यांच्या बॅटऱ्या खुशाल समान असोत. श्री. कार्मेलो यांच्या बॅटरीस, ती आजारी असल्याने, कोणाशीही जोडू नये. चॅपलमधली रांग हलली की माझी एकच बॅटरी माउलीच्या पायांशी उरेल, आणि दिव्यापुरती वीजही.

काल मात्र यजमानांच्या बॅटरीची पाळी दुसऱ्या एका बॅटरीस गेली. आपल्या सौभाग्यवतींनी सकाळी, डोक्यावर टॉवेल घालून, एक बॅटरी आणली. “मानांग, ह्यांना सांगू नका,” म्हणाल्या. मी सांगत नाही; आपणच विचाराल म्हणून लिहिते. ती डाव्या बाजूस, मेणबत्त्यांजवळ आहे. पूर्ण भरली आहे. आज संध्याकाळी ती आपण स्वतःच न्यावी. आधी प्रार्थना, मग या अर्जावर सही, मग बॅटरी. चॅपलचा नियम सर्वांस समान आहे.

आपली व तूर्त आपल्या बॅटरीचीही नम्र राखणदार,

(सही)
सोलेदाद मागबानुआ
शुक्रवार, उपासाचा दिवस

सोबत :
१) आदेशाची प्रत, शेवटच्या कलमाखाली रेघ मारून.
२) नवस बोललेल्या होडीवाल्यांच्या सह्या. नवसाचे कारण ज्यांना सुचले त्यांनी लिहिले आहे.
३) श्री. कार्मेलो यांची बॅटरी. जड असल्याने अर्जास जोडता आली नाही; आपल्या कार्यालयाच्या दारात ठेवली आहे.