पाहुण्यांची साखर

आई,

काल आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी आम्हा सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, प्लास्टिकचा एक जुना कॅन कापून दाखवला आणि यात मधमाश्या पाळता येतात, ही अगदी नवी कल्पना आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पारनेरच्या आपल्या परसात तू हेच कधीच करून बसली होतीस, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं की तुमच्या आई हे कुठे शिकल्या, आणि मला सांगावं लागलं असतं की रांजण मोकळा करायचा होता म्हणून. नव्या कल्पनांना अशी घरगुती कारणं शोभत नाहीत. तेव्हा गप्प राहिले, घरी आले आणि तुला लिहायला बसले.

बहात्तरच्या दुष्काळातली दिवाळी. मी नगरहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते. कडुनिंबाखाली पालथ्या घातलेल्या रांजणात सातेरी मधमाश्यांनी घर केलं होतं, काठाच्या टवक्यातून त्यांची ये-जा चाले. टँकरचं पाणी साठवायला घरातली भांडी पुरेनात, तेव्हा अण्णांनी फर्मान काढलं की रांजण हवा, माश्यांना हाकला. तू म्हणालीस, "हाकलून जातील कुठे? अख्खा तालुका वाळलाय." तुझं माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं, तिथे माश्यांना भिण्याची रीत नव्हती. भिण्याची रीत आमच्या घराण्यात होती, आणि ती अण्णांनी निष्ठेने सांभाळली होती.

त्या आठवड्यात बाजाराला नगरचे भंगारवाले चाचा आले. त्यांच्याकडे कँपातल्या लिलावात घेतलेला प्लास्टिकचा एक मोठा कॅन होता. "भाबी, मिल्ट्रीचा माल हाय. वरून रनगाडा गेला तरी फुटायचा न्हाई." तू म्हणालीस, "आमच्या गल्लीत रणगाडे येत नाहीत, पण द्या." आणि बदल्यात अण्णांची छत्री दिलीस. मोडकी नव्हे, चांगली. संध्याकाळी अण्णा रिकाम्या खुंटीकडे पाहत उभे राहिले, तेव्हा "यंदा तिला काम तरी काय होतं?" एवढ्यावर तू तो विषय मिटवलास.

दुसऱ्या दिवशीचं आपलं स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. तू चुलीत उलथनं लाल करतेस, कॅन आडवा ठेवून त्याची वरची बाजू झाकणासारखी कापून काढतेस, आणि घरभर असा काही दर्प पसरतो की शेजारच्या काकू भिंतीवरून विचारतात, काय करपलं? आतून गुळगुळीत प्लास्टिकवर माश्यांचे पाय ठरणार नाहीत म्हणून तू ते विटेने घासून खरखरीत करतेस. बांबूच्या कामट्यांना जुन्या पोळ्याचं मेण चोळून त्या कापलेल्या बाजूवर ओळीने आडव्या मांडतेस. बाहेरून शेणमातीचा जाड लेप, वर ओलं पोतं, उन्हाने आतलं मेण वितळू नये म्हणून. कॅनचं बुचाचं तोंड म्हणजे माश्यांचा दरवाजा. आणि दारात नाकाला उपरणं लावून उभे असलेले अण्णा, हायस्कुलात संस्कृत शिकवून कमावलेल्या त्या स्वच्छ आवाजात म्हणतात, "तांब्याला चिंच सांगितली आहे, लाकडाला तासणं सांगितलं आहे, मातीला अग्नी सांगितला आहे. प्लास्टिकला शास्त्रात शुद्धीच नाही. या डब्यातला मध देवाला चालणार नाही."

"देवाचं नंतर बघू," तू मान वर न करता म्हणालीस. "आधी माश्यांना चालतोय का ते कळू दे."

त्यांना चालला. मी गोवरीचा धूर धरला होता, आणि तू उघड्या हातांनी पोळी एकेक करून केळीच्या सोपटाने कामट्यांना बांधलीस. एकही माशी तुला चावली नाही. मला दोन चावल्या. तू म्हणालीस, "तू फार विचार करतेस, त्यांना कळतं."

माघात मला अण्णांनी नगरहून बोलावून घेतलं. शेवगावचं स्थळ आलं होतं, तेही आपणहून. मुलगा सरकारी नोकरीत, घरचं सगळं उत्तम, अट एकच: लग्न वैशाखात, आणि मुलीचं शिक्षण इथेच थांबवायचं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अण्णांचं मन जवळजवळ झालं होतं. त्यांना दोष देत नाही. अशा वर्षात चालून आलेलं स्थळ परत कसं पाठवायचं, हा त्यांचा प्रश्न खराच होता. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले असते. संस्कृत नाटकांतल्या नायिका निदान रुसतात तरी. मी त्या नायिकांवर चांगले गुण मिळवायचे, एवढंच. पुढे शिकायचं आहे, शिकवायचं आहे, हे मी कुणापाशीच बोलले नव्हते. तुझ्यापाशीसुद्धा नाही.

पाहुण्यांसाठी रेशनची साखर बाजूला काढून ठेवली होती. शिरा आणि चहा. त्या साखरेसाठी तू कितीतरी दिवस बिनसाखरेचा चहा पीत होतीस आणि "मला गोड सोसत नाही" असं सांगत होतीस, जे कुणालाही पटलं नव्हतं. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी तू कॅनवरची कामटी उचललीस आणि तशीच थांबलीस. पोळी कोरडी पडली होती. माश्या दारापाशी गोळा होऊन लटकल्या होत्या. "निघायच्या तयारीत आहेत," तू म्हणालीस. मग आत गेलीस, साखरेचा डबा आणलास आणि माझ्या देखत सगळा पाण्यात रिकामा केलास. दोन करवंट्यांत पाक ओतलास, माश्या बुडू नयेत म्हणून वर काडीकचरा टाकलास.

मी म्हटलं, "आई, शिऱ्याचं काय?"

"पाहुणे जेवून येतात," तू म्हणालीस. "या उपाशी आहेत."

मग तो प्रसंग. गुळाचा चहा, गूळ घातल्याबरोबर दूध फाटलं, म्हणून कोरा. शिरा नाहीच. कपबशीकडे पाहून मुलाच्या आई म्हणाल्या, "साखर संपली होती वाटतं?"

"होती की. सकाळी माश्यांना घातली."

"कसल्या माश्यांना?"

"मधाच्या."

मुलाचे वडील हसले, त्यांना विनोद वाटला. अण्णा हसले नाहीत. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे अशा नजरेने पाहत होते की जणू त्यात कुठेतरी पळवाट छापलेली असावी. मुलाच्या आईंनी कप खाली ठेवला आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. "संस्कृत घेऊन पुढे काय करणार म्हणे? पूजा सांगणार?" मी मान खाली घातली. तू म्हणालीस, "सांगेल की. सत्यनारायण घाला, येईल ती. साखर तेवढी तुमची."

मध्यस्थांकडून चार दिवसांनी निरोप आला: मुलगी बरी आहे, पण त्या घरात माणसांपेक्षा किड्यांना मान. अण्णा बरेच दिवस तुझ्याशी माझ्यामार्फत बोलत होते. "तुझ्या आईला सांग, भाकरी वाढ." तू माझ्यामार्फत उत्तर न देता सरळ भाकरी वाढायचीस. अबोला सुटला तो कडुनिंब फुलल्यावर. तू त्या डब्यातून पहिला मध काढलास आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवलीस. त्यांनी बोट बुडवलं, पुन्हा बुडवलं, आणि निर्णय दिला की मध मुळात माशीच्या तोंडातून येतो, तरी तो शुद्धच मानतात, मग डब्याने असं काय बिघडतंय. मध देवाला गेला. मी नगरला गेले. बी.ए. झाले, एम.ए. झाले, जन्मभर शिकवलं, आणि लग्नही केलं, मला शिकू देणाऱ्या माणसाशी.

पण मनात एक सल होता, आणि मी तो थट्टेत गुंडाळून वर्षानुवर्षं तुला ऐकवत राहिले. "आईने माझं पहिलं स्थळ माश्यांना खायला घातलं." तू हसायचीस. "मग? माश्या राहिल्या ना." स्थळ गेल्याचं मला मुळीच दुःख नव्हतं. दुःख एवढंच, की त्या सकाळी साखर वाटताना तुझ्या मनात मी कुठे नव्हतेच. माझं भलं झालं ते आपलं ओघाने, माश्यांच्या पुण्याईने.

मग एकदा शेजारच्या काकू मला नगरला त्यांच्या लेकीकडे भेटल्या. जुन्या गोष्टी निघाल्या, तो कोरा चहाही निघाला. काकू म्हणाल्या, "अगं, मी त्या सकाळी भिंतीवरून वाटीभर साखर पुढे केली होती. म्हटलं, घे, पाहुणे यायचेत. तर तुझी आई म्हणाली, आज नको, उद्या द्या. आणि दुसऱ्या दिवशी आली की वाटी घ्यायला!"

तेव्हा तू होतीस, आई. त्याच रविवारी मी पारनेरची एस.टी. पकडली. ती साखर नेमकी कुणासाठी ओतलीस, हा प्रश्न वाटभर घोळवला, शब्द निवडले, तुला मोडता घालता येणार नाही अशी वाक्यरचना केली. तू दारातच म्हणालीस, "चहा टाकू?" मी म्हटलं, टाक. आपण चहा प्यायलो, तू मला कुणाकुणाच्या सुनांच्या गोष्टी सांगितल्यास, आणि संध्याकाळच्या गाडीने मी परत आले.

मी भिडेपोटी गप्प राहिले असं तू समजली असशील, तर तसं नव्हतं. तू म्हणाली असतीस, "काहीतरीच तुझं, माश्यांना दुसऱ्या दिवशीही घालायला हवी होती साखर." आणि तुझ्या बाबतीत ते खरंही असू शकलं असतं, ही मला धास्ती होती. आता विचारते आहे, कारण आता तू सांगणार नाहीस.